अकरा दारांची खरडाई

भाईंदर पूर्व
दि. ८ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस बापूरावमामाचा जयभीम आणि अ. आ.

पत्र लिहायचं कारण फोन. तुझा फोन आला की माझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं. तू ओरडतेस, मी ओरडतो, शेजाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्याचं कुणाशी तरी भांडण लागलंय. त्यापेक्षा हे बरं. पाचवीपर्यंतच शिकलोय, तेवढ्यात भागवून घे. पत्र तुझ्या आईला वाचून दाखव, पण तुझ्या भावाबद्दल लिहिलंय तेवढं गाळ. तुळसा माझी बहीण असली तरी रडायला एक नंबर आहे.

तर तुझा भाऊ. उदयचं काही खरं नाही बघ. आम्हाला उत्तनजवळच्या डोंगरीला एका जुन्या बंगल्याचं काम मिळालंय. ऐंशी वर्षांचा बंगला आहे म्हणे. अकरा दारं, बावीस खिडक्या, सगळं सागवान. रंगाचे थर इतके की खरडायची पत्ती घातली तर हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली शेंदरी. मालकिणीला आतलं लाकूड बघायचंय, म्हणजे आम्ही सगळं खरडायचं. ब्लोलॅम्पनी तापवायचं, पत्तीनी ओढायचं, राहील त्यावर घासायचं मशीन फिरवायचं. मी, उदय, सुभाष आणि नीलेश, असे चौघं आहोत. चाळीस वर्षं हेच करतोय, नवीन काही नाही.

पण उदय महिना झाला पोट धरून बसतो. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. भाकरी बघितली की तोंड फिरवतो. परवा धडधाकट माणसाच्या हातातून पत्ती पडली, आणि पडली ती माझ्या पायावर. मी म्हटलं, अरे बत्तीस वर्षांचा घोडा तू, मनगटात जोर नाही का. सुभाष म्हणतो मामा, याला नजर लागलीय. मी त्याला झापला, आमच्यात नजरबिजर चालत नाही म्हटलं. याला लागलाय तो कामाचा कंटाळा.

वर आणि साइटवर एक इंजिनीयर पोरगी आहे, ममता मॅडम. स्कूटरवर येते. तिनं मास्कचा डबा आणला. काका, पहनना पडेगा म्हणाली. मी म्हटलं मॅडम, आप पैदा नहीं हुई थी तब से खरडता हूँ. मास्क लावला की दम लागतो, बोलता येत नाही, बिडी ओढता येत नाही. आपला इलाज जुना आहे. धूळ घशात बसली की गूळ खायचा, सगळं खाली उतरतं. माझ्या उस्तादानं शिकवलंय. दर दोन तासांनी मुकादमानं आपल्या हातानं प्रत्येकाला खडा द्यायचा, हा आम्हा रंगाऱ्यांचा रिवाज. केबिन रोडवरून चांगला गूळ आणतो मी, खडे-माती नसलेला. उदय तोही तोंडात टाकून तोंड वाकडं करतो. सगळं लोखंडासारखं लागतं म्हणतो. नखरे!

तू नर्स आहेस, मोठी बहीण आहेस. एक पत्र लिहून त्याला जरा खरडून काढ. माझं तो ऐकतो पण मनावर घेत नाही.

माझ्यावर जीव आहे तो आहे तसाच ठेव, कमी करू नको.

तुझा मामा,
बापूराव

•

नांदेड
दि. १५ जानेवारी २०२५

ती. मामांस,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, गाळायचं ते गाळलं. तरी तिला कळलंच. मी मध्येच थांबले की तिला कळतं. तुमच्यासाठी लसणाची चटणी करून ठेवलीय, कुणी येणारं असलं की पाठवते. दात राहिले असतील तर खा.

उदयला खरडून काढ म्हणालात. मामा, मी तुम्हालाच खरडणार आहे, राग मानू नका.

मागच्या वर्षी आमच्या वॉर्डात एक माणूस आला होता. जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम करायचा. पोटात कळा, संडास बंद, तोंडाला लोखंडाची चव, आणि हात मनगटातून लुळा पडायचा. डॉक्टरांनी आधी अपेंडिक्स समजून ऑपरेशनची तयारी केली होती. नंतर कळलं, अंगात शिसं गेलंय. तुमचं पत्र वाचताना मला तोच माणूस आठवत होता. जुन्या तेलरंगात शिसं घालायचे मामा. शेंदरी थर तर बहुतेक तोच. रंग दाराला आहे तोवर गप्प असतो. तापवला की धूर होतो, मशीन फिरवलं की पीठ होतं.

म्हणून उदयच्या रक्ताची शिशाची तपासणी करून घ्या. साधी रक्ततपासणी नाही, शिशाची असं सांगायचं. तोवर ब्लोलॅम्प बंद, मशीन बंद. दार ओलं करून खरडा. मास्क लावा, पण कापडाचा चालत नाही, फिल्टरचा मागा त्या मॅडमकडून. कामाचे कपडे तिथंच ठेवा, घरी नेऊन झटकू नका. तुम्ही जेवता कुठं, हात कशानं धुता, काय काय खाता, सगळं मला नीट लिहून कळवा.

रुचिताशी फोनवर बोलले. म्हणाली, उदय घास हातात धरून ताटावरच झोपतो. मी विचारलं तुझा नवरा मामांना सांगत का नाही. तर म्हणे, मामाला वाटेल कामचोर आहे. बाबा गेल्यावर तुम्ही त्याला सतरा वर्षांचा असताना भाईंदरला नेलंत, ब्रश हातात दिलात. तुमच्यासमोर तो दुखतंय म्हणणार नाही. तुम्हीच बघायला हवं.

रागावलात तरी पत्र पाठवा. न रागावता पाठवलंत तर जास्त आवडेल.

तुमची,
संघप्रिया

•

भाईंदर पूर्व
दि. २२ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस जयभीम, आशीर्वाद वगैरे सगळं.

रागावलोय. तरी लिहितोय.

शिसं मला शिकवू नको. शिसं म्हणजे उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्याला गोळ्या लटकतात ते. ते लोक गोळ्या दातानी चेपतात आणि नव्वद वर्षं जगतात. पण तू लिहिलंस म्हणून ऐकलं. केबिन रोडच्या डॉक्टरकडे नेलं उदयला. त्यांनी पोट दाबलं, ॲसिडिटी म्हणाले, गोळ्या दिल्या. तरी रुचिता ऐकेना. उदयला ओढून लॅबमध्ये नेलं आणि तुझं ते शिशाचं रक्त देऊन आली. रिपोर्ट मुंबईहून यायचाय, आठ दिवस लागतील. मीरा रोडच्या हाटकेशची पोरगी, पण तोंड नांदेडचं आहे.

ओलं करून बघितलं एक दिवस. चिखल होतो नुसता, चौघांत मिळून अर्धं दार होतं. असं केलं तर काम दिवाळीपर्यंत जाईल. दुसऱ्या दिवशी लॅम्प पेटवला. मास्क पोरांना लावायला सांगितले. लावलेत, पण गळ्यात.

आता तुझी उलटतपासणी. जेवतो हॉलमध्येच, दारं पडलेली असतात तिथं, वारा चांगला येतो. हात थिनरनी पुसतो, मग फडक्यानी, तुझ्या डॉक्टरपेक्षा चकाचक. साबणाचं काय कौतुक, रंग साबणानी जातो का? खातो काय तर डबा, चहा आणि गूळ. तू एवढी घाबरलीस म्हणून मी गूळ दुप्पट केलाय. दोन तासांच्या जागी तासाला. गुळाचा डबा माझ्या बाजूलाच उघडा असतो, दार खरडतो त्याच्या बुडाशी, म्हणजे उठायला नको. खरडायच्या पत्तीनीच खडा फोडतो, आधी पँटला पुसून घेतो हां. आणि हातावर घेऊन एकेकाला भरवतो. उदयला सगळ्यात मोठा. त्यालाच जास्त गरज आहे.

शनिवारी उरतो तो गूळ हाटकेशला उदयच्या घरी घेऊन जातो. त्याची संचिता चार वर्षांची झाली, गेटपाशी उभी असते. माझ्या हातून घेते आणि बोटं चाटून साफ करते. आबाचं चॉकलेट म्हणते. तेवढ्यासाठी आठवडाभर काम करतो म्हटलं तरी चालेल.

झालं समाधान? आता उदयला चार शब्द लिही की कामावर लक्ष दे.

चटणी पाठव. दात आहेत.

मामा

•

नांदेड
दि. ३० जानेवारी २०२५

ती. मामांस जयभीम. वि. वि.

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतेय. उदयचा रिपोर्ट आला. रुचितानं मला फोटो पाठवला. एकसष्ट. मोठ्या माणसात हा आकडा पाचच्या आत असावा. एकसष्ट म्हणजे काम त्याच दिवशी बंद. उद्या तो मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात जाणार आहे, मी तिथल्या ओळखीच्या सिस्टरशी बोलले आहे.

तुमचं पत्र मी ड्युटीवर वाचलं. गुळाचं वाचलं तिथं थांबले, परत वाचलं, मग बाहेर जाऊन उभी राहिले.

मामा, शांत डोक्यानं वाचा. डबा दाराच्या बुडाशी उघडा. वरून खरडलेलं सगळं त्यात पडतं. गूळ चिकट, एक कण सोडत नाही. त्याच पत्तीनं फोडता, त्याच हातानं देता. थिनरनं रंग जातो, धूळ नखात राहते. नाकातून जितकं शिसं गेलं असेल त्याहून जास्त पोटातून गेलं असेल. आणि मी काळजी केली म्हणून तुम्ही ते दुप्पट केलंत. उदयला सगळ्यात मोठा खडा दिलात.

संचिताचं मला लिहवत नाही. पत्र पोचायला तीन-चार दिवस लागतील, आणि मधे शनिवार येतो. तेवढं थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून मी रुचिताला फोन केला. सगळं सांगितलं. तुमच्या आधी तिला सांगावं लागलं याचं वाईट वाटतं, पण दुसरा मार्ग नव्हता. संचिताचंही रक्त दिलंय. लेकरांच्या अंगात शिसं लवकर मुरतं, आणि दिसत काही नाही. ताप नाही, पुरळ नाही. पुढे बोलण्यात, शिकण्यात दिसतं.

तुम्ही, सुभाषभाऊ, नीलेश, तिघांनीही रक्त द्या. काम थांबवा. पाया पडते.

संघप्रिया

•

भाईंदर पूर्व
दि. ५ फेब्रुवारी २०२५

संघप्रियास,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्याच्या आधी शनिवारी मी हाटकेशला गेलो होतो. संचिता गेटपाशी नव्हती. दार रुचितानी उघडलं आणि तसंच अर्धं धरून उभी राहिली. माझ्या हातातली पुडी बघितली, घेतली, आणि माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. आतून पोरगी आबा आबा करत होती, तिला आत धरून ठेवलं. मी जिने उतरलो. मला काही कळेना काय झालं. तीन दिवसांनी तुझ्या पत्रातून कळलं.

असं करतात का गं? परक्या माणसालाही असं दारातून घालवत नाहीत.

तू शिकलेली आहेस, तुझं बरोबर असेल. पण चाळीस वर्षं मी हा गूळ देतोय. माझ्या उस्तादानी मला दिला, त्याला त्याच्या उस्तादानी. आम्ही काय येडे होतो सगळे? मी माझ्या बहिणीच्या पोराला विष दिलं म्हणतेस? त्याच्या बापाच्या जागी उभा राहिलो मी. आणि मग मला काही झालं नाही ते कसं, तेही सांग. मी तर सगळ्यात जास्त खाल्लाय.

काम चालू आहे. चार दारं राहिलीत. उदय नाही म्हणून आम्ही तिघंच करतोय. गूळही चालू आहे. कुणाच्या एका कागदानी चाळीस वर्षं खोटी होत नाहीत.

तुळसाला काही सांगू नको.

बापूराव

•

नांदेड
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस जयभीम.

संचिताचा आकडा सतरा आला.

डॉक्टर म्हणाले औषध लागणार नाही. दूध, अंडी, पालेभाज्या द्यायच्या, घर रोज ओल्या फडक्यानं पुसायचं, महिन्यानं परत तपासायचं. आकडा उतरेल. रुचितानं मला एकच विचारलं, ताई, ही शाळेत नीट शिकेल ना. मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि तोंड धुतलं. मामा, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं.

तुम्ही विचारलंत मला काही झालं नाही ते कसं. रक्त दिल्याशिवाय झालं नाही असं कसं म्हणता?

तुम्ही विष दिलंत असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. तुम्ही माया दिलीत, तिच्यावर धूळ बसली होती, आणि तुम्हाला ते कळलं नव्हतं. पण आता कळलंय. या पत्रानंतर सुभाषभाऊंच्या हातावर जो खडा ठेवाल, तो कळून ठेवलेला असेल.

आईला मी सांगितलंय. ती रडली नाही.

संघप्रिया

•

भाईंदर पूर्व
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया हिस मामाचा जयभीम.

तुझं पत्र डोंगरीच्या बसमध्ये वाचलं. माझा स्टॉप पुढे गेला तरी उतरलो नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टर म्हणाला बाबा, उतरायचं नाही का, तेव्हा उतरलो आणि मागे चालत आलो.

सुभाष नीलेश चढले होते वर, लॅम्प पेटलेला. मी म्हटलं बंद करा, खाली या. डबा उचलला आणि त्यांना उजेडात दाखवला. गुळावर बारीक हिरवट पीठ बसलेलं. रोज बसत असणार. माझे डोळे काय फुटले होते? त्यांना उदयचं सांगितलं, पोरीचं सांगितलं, आणि हा गूळ मी दिला तेही सांगितलं. नीलेश खाली बसला. सुभाष आधी हसला. मामा, म्हातारपणी नर्स झालास म्हणाला. मग हसायचा थांबला. म्हणाला मी पण घरी नेतो ना रे गूळ, माझी सून पोटुशी आहे. पिशवी उचलली आणि गेला. वीस वर्षं माझ्याबरोबर होता, जाताना जयभीमसुद्धा केला नाही. तो आता दुसऱ्या मुकादमाकडे लागलाय. सुनेचं रक्त दिलंय त्यानी, रिपोर्ट यायचाय. मला नीलेशकडून कळतं, तो सांगत नाही.

ममता मॅडमला मी स्वतः जाऊन सांगितलं. वाटलं होतं ऐकवेल, मैंने कहा था म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. खुर्ची दिली. मालकिणीच्या मुलानी फोनवर बरीच कटकट केली, एवढा उशीर कशाला म्हणून. मॅडम त्याला हिंदीत अशी काही बोलली की मी माझं कानातलं मशीन मोठं केलं. आता लॅम्प आणि मशीन बंद. फवारणीच्या पंपानी पाणी मारून खरडतो, खाली प्लास्टिक अंथरतो, संध्याकाळी घडी करून पिशवीत बांधतो. दोन्ही बाजूंना गोल डब्या असलेले मास्क आलेत, फिल्टरवाले. दम लागतो. लागू दे. बाहेर नळाखाली साबण ठेवलाय, हात तोंड धुतल्याशिवाय डब्याला हात नाही, बिडीला पण नाही. कपडे तिथंच बदलतो. चौघांच्या जागी दोघं आहोत, चार दिवसांत एक दार होतं. होऊ दे.

रक्त दिलं आम्ही. नीलेश एकतीस. मी त्रेपन्न. तू विचारलं होतंस म्हणून लिहितो. मला काही झालं नाही असं वाटायचं, पण दहा वर्षं झाली पोट दुखतंय, रागही लवकर येतो. मला वाटायचं माझा स्वभावच तसा. सगळं शिशावर ढकलत नाही. थोडा स्वभाव पण असेल.

आजकाल एकच काम करतो, आठवतो. कुणाकुणाला गूळ दिला. माझ्या गँगमध्ये एक दशरथ होता, पोटानी गेला असं आम्ही म्हणायचो. एकाचा हात लुळा पडला तर आम्ही म्हटलं दारू नडली. तो दारू पीत नव्हता गं. आम्हीच ठरवून टाकलं होतं. नावं आठवतात तशी नीलेशकडून लिहून घेतोय, जे जिवंत असतील त्यांना निरोप द्यायचा, रक्त तपासा म्हणून. एकोणीस झाली. काहींचे पत्तेच नाहीत.

उदयला भेटलो दवाखान्यात. गोळ्या चालू आहेत, पोट साफ होतंय. उजव्या हातात कप धरतो पण वर नेता येत नाही. डॉक्टर म्हणतात सहा महिने जातील, येईल जोर, पण खरडाई आता कधीच नाही. मी त्याला म्हटलं, मला बोल काहीतरी. तर तो पोरगा मलाच म्हणतो मामा, तुम्ही जेवलात का. मी उठून पाणी आणायला गेलो. पाणी भरलेलंच होतं.

काल हाटकेशला गेलो. रिकाम्या हातानी. सोसायटीतल्या खालच्या नळावर थांबलो, वर जायची हिंमत होईना. रुचितानी गॅलरीतून बघितलं असेल. संचिताला कडेवर घेऊन खाली आली. मी तिला म्हटलं, बाई, हे माझ्या हातानी झालं. दुसऱ्या कुणाच्या नाही. साबणाची वडी आणली होती तिनी, ती नळावर ठेवली.

मी धुतले हात. कोपरापर्यंत. तिनी माझी बोटं उलटी करून बघितली, आपण लेकराची बघतो तशी, आणि म्हणाली नखं. मी परत धुतले. परत बघितलं, परत मान हलवली. चार पोरं सायकल थांबवून बघत होती, वॉचमन बघत होता. मी सत्तर वर्षांचा माणूस, मला कुणी हात धुवायला शिकवलेलं नाही आजपर्यंत. संचिताला वाटलं खेळ आहे. ती टाळ्या वाजवून अजून, अजून म्हणायला लागली. मी पाच वेळा धुतले. वडी अर्धी झाली.

मग रुचिता जिन्याकडे वळली. या म्हणाली नाही. पण संचिताला खाली ठेवलं तिनी, आणि पोरगी माझं बोट धरून वर न्यायला लागली, तेव्हा तिनी मागे वळून बघितलं आणि पोरीचा हात सोडवला नाही.

चहा दिला. बोलली नाही अजून. बोलायला पाहिजे असं माझं म्हणणं पण नाही.

तुळसाला मीच पत्र टाकतोय वेगळं. काय लिहायचं ते सुचत नाही, तीन कागद फाडले. तू तिच्याजवळ बस, पत्र येईल तेव्हा.

लोभ वाढव असं दरवेळी लिहायची रीत आहे. या वेळी मागत नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझा मामा,
बापूराव